कादंबरीसाठी एक घोडी

मी घोड्यावर कादंबरी लिहायला घेतली आहे, असं मी ऑफिसात सांगितलं तेव्हा आमच्या आवक-जावकच्या कारकुनाने विचारलं, "आणि टेबल कुठं ठेवला?" पाटबंधारे खात्यात मी अशा लोकांत बावीस वर्षं काढली आहेत. घोड्यावर म्हणजे घोड्याविषयी. प्रत्यक्ष घोड्यावर बसायचा प्रसंगही पुढे आला, पण त्यात लेखनाला वाव नव्हता.

सुरुवात माझ्या मुलीपासून झाली. शांभवी आठवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने वाचनालयातून इंग्रजी कादंबऱ्या आणायचा सपाटा लावला, आणि सगळ्या घोड्यांच्या. एक मुलगी असते. ती नव्या गावी येते. शाळेत तिला कुणी विचारत नाही. मग तिला एक घोडा भेटतो, तोही कुणाचं न ऐकणारा. दोघं एकमेकांना वळण लावतात, शेवटी एक शर्यत होते आणि ज्या मुली हसत असतात त्या टाळ्या वाजवतात. मी तीन वाचल्या. घोड्याचा रंग सोडला तर त्यांत मला फरक सापडला नाही. पण शांभवी तिन्ही वाचून तीनदा रडली होती.

"मराठीत असली एक बी न्हाय, पप्पा," ती म्हणाली. "मी सगळं कपाट बघितलो."

(आमच्या कोल्हापुरात मुली स्वतःविषयी 'मी बघितलो, मी गेलतो' असंच बोलतात. बाहेरचे पाहुणे दचकतात. दचकू देत.)

त्याच आठवड्यात एका प्रकाशनसंस्थेने कुमार कादंबरी स्पर्धा जाहीर केली. माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत, त्यांतली एक तर माझ्या बरोबर नावाने. दुसरीवर मल्लेश हुक्केरीऐवजी महेश हुक्के असं पडलं होतं. तेव्हा मराठी साहित्यातली ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी कुणाची, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

अकरा दिवसांत मी सहा प्रकरणं लिहिली. नायिका अन्विता, पुण्याची. वडिलांची कोल्हापूरला बदली होते. इथलं जेवण तिला तिखट लागतं, लोक तिच्याशी मोठ्याने बोलतात, त्यामुळे ती एकटी पडते. मग तिला 'तुफान' नावाचा काळाभोर घोडा भेटतो. मी ती प्रकरणं शांभवीला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं.

"घोडा शेपूट का हलवालाय?"

"तिला बघून आनंद झाला म्हणून."

"आणि हात का चाटतोय?"

"प्रेमाने."

"पप्पा, हे कुत्रं हाय," ती म्हणाली आणि दप्तर भरायला गेली.

मी दोन दिवस वही उघडली नाही. माझ्या पत्नीने, सौंदर्याने, मला बरं वाटावं म्हणून ही अडचण खालच्या मजल्यावर सांगितली. संध्याकाळपर्यंत आमच्या कसबा बावड्यातल्या सबंध अपार्टमेंटला कळलं की हुक्केरी घोडा घेणार आहेत. कुणी म्हणालं, घेऊ नका, विमा नसतो. कुणी म्हणालं, घ्या, पण पांढरा घेऊ नका, मळतो. दुसऱ्या मजल्यावरचे जोतीराम काका पोलिसातून निवृत्त झालेले आहेत, आणि नोकरीची दोन वर्षं ते घोडदळाच्या शेजारच्या बराकीत राहिले होते. घोड्यांविषयीचा त्यांचा अधिकार या शेजारातून आलेला.

"घोडं कागदावर कळत न्हाय," ते म्हणाले. "चोवीस तास डोळ्याम्होरं पायजे. फक्रुद्दीनकडं जा. वरातीची घोडी हाय त्याची."

फक्रुद्दीनचा गोठा आमच्यापासून दहा मिनिटांवर, उसाच्या कडेला. मी रविवारी सकाळी वही, दोन पेनं आणि गुळाचा खडा घेऊन गेलो. गोठ्यात एक पांढरी घोडी उभी होती आणि तिच्या पोटाखालून एक तेराचौदा वर्षांची मुलगी खरारा करत होती.

"अब्बा न्हाईत," ती घोडीखालूनच म्हणाली. "वरात हाय का?"

"नाही. मी लेखक आहे. घोड्याची माहिती हवी आहे."

ती बाहेर आली, माझ्याकडे आणि मग मी जिथे उभा होतो त्या जागेकडे बघितलं. "मग आधी मागनं बाजूला व्हा, काका. लाथ बसली की म्हाईती लगीच मिळती."

ही फरहीन. घोडीचं नाव गुलछडी. त्यानंतरचे सहा रविवार मी त्या गोठ्यात उलट्या घमेल्यावर बसून काढले, आणि माझी वही भरत गेली. घोडं खूश असलं की कान पुढे करतं. कान मागे चिकटवले की आपण मागे सरायचं. घोडं उभ्याउभ्या डुलकी काढतं. त्याला अगदी नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून समोरून एकदम हात न्यायचा नाही, मानेच्या बाजूने न्यायचा. फरहीन काम करता करता सांगायची, मी लिहून घ्यायचो. आमचे मतभेद फक्त नवव्या प्रकरणावरून झाले. त्यात अन्विता पुण्याला परत जायला निघते आणि तुफान रडतो.

"घोडं रडत न्हाय," फरहीन म्हणाली.

"अगदी थोडं?"

"डोळ्यातनं पाणी येतंय की. माशी बसली की येतंय."

नवव्या प्रकरणात माशी बसवणं मला कलात्मकदृष्ट्या शक्य नव्हतं. मी तिला तसं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शेणाची पाटी उचलली.

फक्रुद्दीन अधूनमधून भेटायचा. मृदू माणूस. मुलगी कितीही तयार असली तरी वरातीत घोडीसोबत तोच जायचा. "पोरीनं लगाम धरला तर लोकं काय म्हणतील, सायेब," तो म्हणायचा. फरहीन तेव्हा घोडीच्या आयाळीत फणी घालून दुसरीकडे बघत असायची. शिवाय आता नवरदेवांना उघड्या जीप हव्या असतात, घोडी कुणाला नको. म्हणून शाहूवाडीकडचा एक पाहुणा गुलछडी मागत होता आणि फक्रुद्दीनचं मन होत आलं होतं. यातली कादंबरीला उपयोगी पडतील ती वाक्यं मी टिपून घेतली.

अशात गोठ्याचे पत्रे बदलायचे निघाले. ठोकाठोकीने घोडी बिथरते, दोन दिवस तिला कुठे बांधायचं हा प्रश्न पडला. मला जोतीराम काकांचं 'चोवीस तास' आठवलं, आणि मी आमचं पार्किंग देऊन बसलो.

अपार्टमेंटचे सेक्रेटरी यशराज सासणे. त्यांनी सोसायटीचे नियम प्लॅस्टिकमध्ये मढवून लिफ्टशेजारी लावले आहेत. त्यांनी मला तिथे नेऊन कलम अकरा वाचून दाखवलं. पाळीव प्राणी: कुत्रा, मांजर, पोपट.

"यात घोडा न्हाय," ते म्हणाले.

"पण घोड्याला मनाई आहे असंही नाही."

"मगर पण लिहिली न्हाय यात. म्हणून आणणार काय?" शेवटी त्यांनी तोड काढली. महापालिकेचा ना हरकत दाखला आणा, मग बघू. दाखला मिळणार नाही, याची त्यांना खात्री होती. मी स्वतः सरकारी माणूस आहे, हे ते विसरले.

मीही विसरलोच होतो. म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला बसून ती खिडकी मला कधी इतकी लहान वाटली नव्हती. महापालिकेत पहिल्या खिडकीवर कुत्र्यांचे परवाने होते. तिथल्या बाईंनी शेजारच्या टेबलाला विचारलं, "घोडी जनावरात येती का वाहनात?" शेजारचं टेबल म्हणालं, "टांग्याला जुंपली तर वाहनात." मोकळ्या घोडीचं काय, यावर एकमत होईना. मला वर पाठवलं. वरच्या साहेबांनी प्रयोजन विचारलं.

"निरीक्षण. कादंबरीसाठी."

"कादंबरी हा व्यवसाय का मनोरंजन?"

हा प्रश्न मला याआधी कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. मी म्हणालो, "साधना." त्या नावाचा रकाना नव्हता.

तिसऱ्या खेपेला एका अनुभवी हेडक्लार्कने मार्ग काढला. घोडीचा अर्जच अस्तित्वात नाही, तेव्हा जवळात जवळचा अर्ज भरायचा. त्याप्रमाणे मला सहा फूट बाय दहा फूट तात्पुरत्या मंडपाचा दोन दिवसांचा परवाना मिळाला. मंडपाचे नाव: गुलछडी. मंडपामुळे रहदारीस अडथळा झाल्यास सर्वस्वी अर्जदार जबाबदार. मी सही केली. सासण्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, शिक्का खरा निघाला, आणि शनिवारी सकाळी गुलछडी आमच्या पार्किंगमध्ये आली.

तिचा मुक्काम मी थोडक्यात सांगतो. तिने दहा मिनिटांत सोसायटीचं शोभेचं कुंपण कोपऱ्यापर्यंत खाल्लं. दुपारी तिने मूत्रविसर्जन केलं, ते मला वाटलं होतं त्याच्या पाचपट निघालं आणि उतार धरून सासण्यांच्या गाडीखाली जाऊन थांबलं. बायका गॅलरीतून चपात्या टाकू लागल्या. फरहीन दर दोन तासांनी येऊन सगळं झाडून जायची. शांभवी शाळेतून आल्यावर जी खाली गेली ती अंधार पडेपर्यंत वर आली नाही. दोघी मुली घोडीच्या दोन बाजूंना उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. मी त्यांना गप्प केलं, कारण मी घोडीच्या श्वासोच्छ्वासाची लय मोजत होतो.

रविवारी सकाळी बारावं प्रकरण होतं. बारावं म्हणजे अन्विता पहिल्यांदा घोड्यावर बसते ते. अनुभवाशिवाय लिहिणं हे लबाडीचं, असं माझं मत आहे. निदान त्या सकाळपर्यंत होतं. फरहीनने वरातीचं खोगीर आणलं होतं, तांबडं, झालरीचं, कारण दुसरं नव्हतंच. मी प्लॅस्टिकच्या स्टुलावरून वर गेलो. स्टूल तुटलं, पण मी तोवर वर पोचलो होतो.

"असंच बसा, हलू नका," फरहीन म्हणाली. "मी पाणी आणतो."

ती बादली घेऊन नळाकडे गेली. जोतीराम काकांनी गेट उघडलं. का उघडलं, हे त्यांना अजून सांगता आलेलं नाही. घोड्याला पुढे मोकळी जागा दिसली पाहिजे, असं त्यांनी बराकीत कुणाकडून तरी ऐकलं होतं म्हणतात. आणि त्याच वेळी रस्त्यावरून बँडचा आवाज आला.

गुलछडीचे कान पुढे झाले. मला आनंद झाला, कारण याचा अर्थ मला ठाऊक होता. पाठीवर माणूस आणि कानावर बँड, या दोन गोष्टी जुळल्या की आपली जागा कुठे, हे गुलछडी नऊ वर्षं शिकली होती. ती संथ, डौलदार पावलांनी गेटबाहेर पडली, रस्त्याला लागली आणि बँडच्या बरोबर मागे, वरातीच्या अग्रभागी जाऊन उभी राहिली.

तिथे जागा रिकामीच होती. नवरदेवाची उघडी जीप अर्ध्या वाटेत बंद पडली होती आणि सगळे तिला ढकलत होते. बँडवाल्यांनी मागे घोडी बघितली, घोडीवर माणूस बघितला, आणि पुढचं गाणं घेतलं. गुलछडी नाचू लागली. पुढचे दोन पाय वर, मग खाली, मग कमरेला एक झटका. माझा चष्मा गेला. एक चप्पल गेली. मी तिच्या मानेला मिठी मारली, ती लोकांना नवरदेवाची हौस वाटली असावी, कारण शिट्ट्या वाजल्या. बायडाबाई नावाच्या एक आजी, नवऱ्यामुलाची चुलत आजी त्या, ताट घेऊन पुढे आल्या आणि मला ओवाळू लागल्या. कुंकू लावताना त्यांनी माझं तोंड जवळून बघितलं.

"ह्यो तर म्हातारा हाय गं," त्या मागे वळून म्हणाल्या. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.

गर्दीतून एक भारदस्त गृहस्थ आले. नवऱ्यामुलाचे मामा. "पावणं, तुमी कोण?"

"मी लेखक आहे."

"लेखकाला वर कुणी बसवला?"

मी उतरायचा प्रयत्न केला तर गुलछडीने तेवढ्यात झटका दिला आणि मी परत मानेवर आलो. कुणीतरी लगाम ओढला. तिचे कान मागे गेले. याचाही अर्थ मला ठाऊक होता, आणि मी डोळे मिटले.

मग बँड थांबला. डोळे उघडले तर समोर, जरा बाजूला, फरहीन उभी होती, पळून पळून लाल झालेली, शाळेच्या पॅंटचा एक पाय भिजलेला. तिने लगामाला हात लावला नाही. जिभेने टक् टक् असा आवाज केला आणि मानेवर हात ठेवला. गुलछडीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"काका, डावा पाय तसाच ठेवा, उजवा हिकडं घ्या," ती म्हणाली. मी घेतला. मी जमिनीवर आलो.

मामांनी घोडी खालीवर बघितली, जीपकडे बघितलं. जीपखालून दोन माणसांचे फक्त पाय दिसत होते. "हिचा माणूस कुठाय? आमच्या शिवांशला बसवू हिच्यावर. मुहूर्त जाईल."

"अब्बा पत्र्यावर चढल्यात. मीच हाय."

"पोरगी?" मामांनी आजूबाजूला बघितलं, आणि एका धिप्पाड पाहुण्याला लगाम धरायला सांगितलं. पाहुण्याने ओढला. गुलछडी हलली नाही. दुसऱ्याने ओढला. तिने शेपटी उडवली. मामांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "धर बाई तूच."

फरहीनने धरला. शिवांश नावाचा तो बिचारा नवरदेव वर चढला, बँड सुरू झाला आणि वरात बावड्याच्या मुख्य रस्त्याने कार्यालयाकडे निघाली. दुकानांतून लोक बाहेर आले. एका गॅलरीत फरहीनच्या शाळेतल्या चार-पाच मुली होत्या; त्यांतली एक खाली बघून काहीतरी ओरडली, आणि फरहीनने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती हसली की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी एका पायात चप्पल घालून मागून चाललो होतो आणि गुलछडीची चाल टिपून घेत होतो. कान पुढे. मान कमानदार. मागचा डावा पाय किंचित आत.

कार्यालयाच्या दारात फक्रुद्दीन धापा टाकत पोचला. मामा त्याला काही बोलायच्या आधीच बायडाबाई म्हणाल्या, "तुझी लेक व्हय? माझ्या नातीच्या लग्नाला बी हिलाच पाठव." फक्रुद्दीनने मान हलवली. लगाम त्याने मुलीच्याच हातात राहू दिला. शाहूवाडीच्या पाहुण्याला त्याने पुढच्या आठवड्यात नकार कळवला, असं मला जोतीराम काकांकडून समजलं.

माझ्या बाजूने सांगायचं तर, सासण्यांनी कलम अकरामध्ये 'घोडा, घोडी व तत्सम' अशी भर घातली, आणि महापालिकेने मला मंडप रस्त्यावर फिरवल्याबद्दल खुलासा मागितला. मी खुलासा दिला. बारावं प्रकरण एका बैठकीत झालं. नवव्यात आता तुफान रडत नाही; त्याच्या डोळ्यावर माशी बसते. कादंबरी मी मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवली.

तीन महिन्यांनी निकाल आला. बक्षीस नाही, पण परीक्षकांचा अभिप्राय सोबत होता. तो मला पाठ आहे. 'घोडा विलक्षण जिवंत उतरला आहे. लेखकाने आयुष्य घोड्यांत काढले असावे. मुलगी मात्र कागदी आहे. ती एकटी आहे असे लेखक वारंवार सांगतो. ती एकटी का आहे, हे त्याला ठाऊक नसावे.'

मी चिडलो. परीक्षकांना मुलींविषयी काय कळतं, असं मी जेवताना म्हणालो. शांभवीने अभिप्राय वाचला. "बरोबर हाय की, पप्पा," ती म्हणाली. मी ताट ठेवून उठलो आणि सरळ गोठ्यावर गेलो. कुणीतरी माझ्या बाजूचं हवं होतं.

फरहीन गुलछडीची शेपटी विंचरत होती. संध्याकाळी वरात होती, घोडीसोबत ती एकटीच जाणार होती. मी तिला अभिप्राय वाचून दाखवला.

"घोडा चांगला झालाय म्हणत्यात की," ती म्हणाली.

"पण मुलगी नाही म्हणतात."

"ती पोरगी घोड्याकडं का येती?"

"एकटी असते म्हणून."

"एकटी कशानं?"

"वडिलांची बदली होते. जेवण तिखट लागतं." हे मोठ्याने म्हटल्यावर मला ते जरा कमी वाटलं.

तिने फणीतले केस काढले, गोळा करून भिंतीच्या फटीत खोचले. "मी बी पुरानंतर हितं आलतो तवा एकटीच हुतो, काका. दोन वर्सं झाली. शाळंत मला पूरवाली म्हणायची. माझ्या बाकावर कोण बसत न्हवतं, घोडीचा वास येतोय म्हणून. म्हणून मी मधल्या सुट्टीत हितंच येत हुतो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शेपटीचा गुंता सोडवतानाच ती बोलत होती. "तुमी कवा इचारला न्हाय. तुमी घोडीचंच इचारत हुता."

सहा रविवार मी त्या घमेल्यावर बसलो होतो. माझ्या एकशेबारा पानी वहीत तिच्याविषयी एकही ओळ नव्हती. तिचं आडनावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मी खिशातून पेन काढलं.

"लिवू नका," ती म्हणाली. "आधी ऐका."

मी पेन खिशात ठेवलं आणि घमेलं पालथं घालून त्यावर बसलो. तिने शेपटीची पुढची बट हातात घेतली.

"शिरोळात आमचं घर नदीपासनं लई लांब हुतं," ती म्हणाली. "असं आमाला वाटायचं."